खाणीचं पाणी

सगुणाताई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत, आणि बापाच्या खुर्चीत नुकत्याच बसलेल्या पोराला तर मुळीच नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात त्या केमिस्ट. तिथे बनणारी पावडर पाण्यात कालवली की तिचा घट्ट जेल होतो. जमिनीखालच्या खाणीत मागे राहिलेल्या कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेटतो. काडी लावावी लागत नाही. त्याला हवा लागू नये म्हणून त्याच्या भेगांत हा जेल पंपाने भरतात.

ताईंची एक रीत होती. ज्या खाणीला माल जायचा, तिथलंच पाणी कॅनमधून मागवायचं आणि त्यातच पावडर कालवून बघायची. खाणीचं पाणी खारट, जड; त्यात भल्याभल्यांचा जेल फसतो. या वेळी नव्या मालकाने, ऋतुराजशेठने, स्वस्तातला कच्चा माल आणला होता. पावडर त्या पाण्यात ताकासारखी पातळच राहिली.

"नळाच्या पाण्यात बघा ना ताई, मस्त घट्ट होतोय," ऋतुराजशेठ म्हणाला. "गाडी भरून उभी आहे."

"खाणीत तुमचा नळ आहे का?"

"अहो, नंतर बदलून देऊ. आत्ता जाऊ द्या."

ताईंच्या मस्तकात तिडीक गेली. माल पोचला की खाणवाले निर्धास्त होणार आणि कोळसा तापलेल्या भागात माणसं उतरवणार. माल आलाच नाही, तर तो भाग बंद ठेवणार. एवढी साधी गोष्ट या माणसाला कळत नव्हती, की कळूनही चालत होती?

त्यांनी ओढणी कमरेला बांधली, स्टोअरमधली सुरी उचलली आणि ट्रकवर चढल्या.

"अहो ताई, काय करताय!" ड्रायव्हर नाथा ओरडला.

"खाली थांब नाथा, आणि तो पाइप दे इकडे."

त्यांनी गोणी टराटरा फाडल्या आणि वरून पाणी सोडलं. पावडर फुगली, फळ्यांवरून ओघळली, रस्त्यावर तिचे थलथलीत ढीग पडले.

"घ्या शेठ, झाला घट्ट!"

"तुम्हाला कामावरून काढलंय!" ऋतुराजचा आवाज चिरकला. "आत्ताच्या आत्ता!"

"काढा ना. कोण अडवतंय? पण आधी खाणीत फोन लावा. सांगा, माल येत नाही, त्या भागात एकही माणूस उतरवू नका. तुम्ही लावताय, की मी लावू?"

पाइप अजून त्यांच्या हातात वाहत होता. ऋतुराजने मुकाट्याने फोन लावला.