उत्तर कोणी द्यायचं?

सकाळी सातला कुमुदताईंच्या मुलाचा, निनादचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच..."

कुमुदताई वैद्य यांनी आणि मी जयपूरच्या एकाच कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. त्या राज्यशास्त्र, मी इतिहास. निवृत्तीनंतर त्यांच्या बनी पार्कच्या घरी रविवारी बैठक भरायची. नियम एकच : कोणालाही बोलताना अडवायचं नाही. नोकरीच्या सुरुवातीला, देव मानत नाही असं वर्गात म्हणाल्या म्हणून पालकांनी त्यांच्याकडून माफी लिहून घेतली होती. तेव्हापासून हा नियम त्यांनी जिवापाड जपला.

एका रविवारी शेजारचे सक्सेनाजी म्हणाले, मुसलमानांना घरं दिली की कॉलनी बिघडते. समोर रेहाना बसली होती. ताईंची जुनी विद्यार्थिनी, आता शहराच्या टोकाला, सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात शिकवणारी, आणि तीन महिने बनी पार्कात भाड्याचं घर शोधणारी. मी उसळून उठले, तर ताईंनी माझा हात धरला. "बोलू दे त्यांना. रेहाना उत्तर देईल."

रेहाना हळूच म्हणाली, "मैम, हर बार जवाब मैं ही क्यों दूँ?" आणि निघून गेली.

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "नियम माझा, आणि सोसायचं तिनं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सीतापुऱ्याला गेलो. रेहानानं चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. बैठकीला मात्र ती पुन्हा आली नाही. सक्सेनाजी येत राहिले. ताईंनी त्यांचं बोलणं बंद केलं नाही. पण पुढे त्यांना उत्तर ताईच द्यायच्या, आवाज थरथरेपर्यंत. ते हसायचे. हळूहळू बाकीची माणसं यायची थांबली.

शोकसभा त्याच खोलीत झाली. सूत्रं माझ्याकडे होती. सक्सेनाजी उभे राहिले. "इस घर में मुझे कभी किसी ने नहीं रोका," म्हणत म्हणत ते पुन्हा कॉलनीवर आले, 'त्या लोकांवर' आले. रेहाना दाराशी बसली होती. मला थांबवता आलं असतं. निदान त्यांच्यानंतर उठून चार वाक्यं बोलता आली असती. ताईंनी तेवढं नक्की केलं असतं. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

रेहाना उठून बाहेर गेली. मी मागे धावले तेव्हा ती पायरीवर सँडलचा पट्टा लावत होती. वर न बघताच म्हणाली, "आप भी, मैम?"

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. बैठकीनंतर चहाचे कप ताई स्वतः विसळायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी नळ सोडला, एकेक कप विसळत राहिले... दाराजवळून आणलेला एक भरलेलाच होता. वर साय धरली होती.