आमच्या उकिरड्याचे आकडे

माझी बुढी, म्हणजे बायको, माघात गेली. जायच्या आठ दिवस आधी म्हणाली, "माही राख नदीत नोका सोडू. आपल्या अंगणात सोडजा."

"हे अंगण काय वाईट आहे?" मी विचारलं.

एवढ्या आजारात डोळे वटारून म्हणते, "हे कायचं अंगण? फरशी आहे हे. जुन्याचं सांगून राहिली मी."

जुनं अंगण गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. अख्खं गावच आहे. दुसऱ्या बायका जाताना जिलबी मागतात, माहेरचं माणूस बोलावतात. हिनं मला धरणाच्या बुडाशी जायला सांगितलं, अन् मला पोहता येत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

बाकीची राख पोरांनी रीतीनं पवनीला नेऊन सोडली. दोन मुठी मी बाजूला काढल्या अन् चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या. डबा फळीवर होता. एकदा व्याही आले अन् डब्याकडं पाहत म्हणाले, "चिवडा केला वाटते." मी म्हटलं, "संपला." दुसरं काय सांगणार?

आता पाणी सगळीकडं सारखं. कुठं घर, कुठं चावडी, काही कळत नाही. पेटीतून जुने कागद काढले, त्यात घराच्या मोजणीचा कागद निघाला. त्यावर दोन लांबलचक आकडे. माझी नात भंडाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती पाहून ओरडलीच, "आबाजी, हे तर आपल्या घराचे आकडे! फोन आपल्याला नेऊन उभा करते ना त्याच जागेवर."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मी म्हटलं, "फोनला कोण सांगते?"

ती म्हणे, वर उपग्रह फिरतात. सगळे एकाच वेळी, एकाच पट्टीत बोलतात. जो तो आपला एक ठरलेला कोड पुन्हा पुन्हा म्हणत राहते, अन् आपल्या घड्याळात किती वाजले तेही सांगते. आवाज इतका बारीक की खरखरीत बुडून जाते. पण फोनला प्रत्येकाचा कोड आधीपासून पाठ असते. तो आपल्याजवळचा कोड मागं-पुढं सरकवत राहते. जुळला की समजते कोण बोलला, अन् आवाज यायला किती उशीर झाला. उशिरावरून अंतर.

नातीला वाटलं बुढ्याला काही कळलं नाही. मी म्हटलं, "हे तर तुह्या आजीचं काम."

खरं सांगतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत दुपारी गावच्या बायका भाकरी घेऊन तलावाच्या पाळीवर उभ्या राहत अन् एकदम ओरडत. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही! म्हणून जिची तिची हाक ठरलेली. हिची हाक होती, "जेवाले येताऽऽ का मी खाऊऽऽ?" वर थाळीवर पळीचा एक ठोका. वाऱ्यात, पंपाच्या फटफटीत, पन्नास बायकांच्या गोंगाटात मला तेवढीच ऐकू येई, कारण तेवढीच पाठ होती. पळी थाळीवर पडताना दिसे अन् ठण् नंतर येई. किती नंतर, त्यावरून मी ओळखत असे की बाई किती दूर आहे अन् अजून एक ओळ लावायला सवड आहे का.

नातीनं बोटं मोजली. मग म्हणे, "पण उपग्रह चार लागतात आबाजी. तीन जागेसाठी. अन् फोनचं घड्याळ नीट नसते, म्हणून चौथा."

"आमच्यात खोटं घड्याळ माझंच होतं," मी म्हटलं. "ती एकटी पुरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ओळखीच्या मासेमाऱ्याचा डोंगा घेतला. तोही आमच्याच बुडालेल्या गावचा. फोनमधल्या बाईला आम्ही पाण्यावर आहो हे काही पटेना. ती हिंदीत म्हणे, "दाहिने मुड़िए." उजवीकडं नुसतं पाणी. मग म्हणे, "संभव हो तो यू-टर्न लीजिए." डोंगेवाला कंटाळून म्हणाला, "भाऊ, हिले उतरवून देऊ का येथीच?" नातीनं आवाज बंद केला अन् नुसता ठिपका पाहू लागली.

शेवटी म्हणाली, "थांबा. हेच."

मी डबा मांडीवर घेतला, झाकण काढायला गेलो अन् हात थांबला. मला मोजणीचा दिवस आठवला.

त्या दिवशी मोजणीवाला काठीवरचं यंत्र घेऊन आला. हिनं नुकतंच अंगण सारवलं होतं. तो पाय टाकणार तेवढ्यात ही झाडू घेऊन धावली. "खबरदार! ओलं आहे." तो म्हणाला, "बाई, सरकारी काम आहे." ही म्हणाली, "मंग सरकारले सांग सुकल्यावर ये म्हणून." बिचारा मागं सरकत सरकत उकिरड्याजवळ गेला, तिथंच काठी रोवली, आकडे घेतले, चहा पिऊन गेला.

मी नातीला म्हटलं, "हे घर नाही. उकिरडा आहे."

डोंगेवाला इतका हसला की डोंगा हलला. मी मात्र झाकण घट्ट दाबून धरलं. जन्मभर तिनं तो उकिरडा माझ्याकडून उपसून घेतला, अन् मी तिलाच त्यात टाकणार होतो!

"उकिरड्यापासून अंगण उगवतीकडं अठरा पावलं," मी म्हटलं. "वल्हव."

"भाऊ, पाण्यात पावलं कशी मोजू?"

"मी मोजतो. तू हळू चाल."

मी मोठ्यानं मोजत होतो. नात फोन धरून म्हणे, "आबाजी, ठिपका चार-पाच मीटर इकडंतिकडं होते, बरं."

"होऊ दे. अंगण मोठं होतं. उकिरड्याकडं नको होऊ दे म्हणजे झालं."

अठरा झाले. आणखी दोन मोजले, भरवसा नको म्हणून. मग चपला काढल्या.

"चपला काहून काढल्या?" डोंगेवाल्यानं विचारलं.

"सारवलं असन."

नातीनंही बूट काढले. डोंगेवाला अनवाणीच होता, तरी त्यानं पाय जवळ घेतले. मी डबा उपडा केला. राख थोडा वेळ पाण्यावर फिरली अन् गेली. डबा मात्र धुऊन परत घेतला. डबा गेला असता तर तिनं मला सोडलं नसतं.

नातीनं भाकरी अन् थाळी-वाटी बरोबर घेतली होती. मी थाळीवर वाटीचा एक ठोका मारला अन् ओरडलो, "जेवाले येतंऽऽ का मी खाऊऽऽ?"

ठण् पाण्यावरून दूर गेला. मी कान देऊन बसलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो.

डोंगेवाला हळूच म्हणाला, "भाऊ, मासे पळून राहिले."

"पळू दे," मी म्हटलं, अन् मीच खाल्लं.