डावं मागचं चाक

त्या गाडीचं तोंड मला पहिल्याच दिवशी आवडलं नव्हतं, पण तसं मी कुणाला बोलले नाही. धाकटा भाऊ मला आणि बाबांना शोरूममध्ये घेऊन गेला होता. गाडी त्याने मनात कधीच पक्की केली होती, आम्हाला फक्त ‘वा’ म्हणायला नेलं होतं. राखाडी रंगाची, लांबट, जमिनीला चिकटलेली सेडान. पुढचे दिवे असे बारीक की गाडी कुणावर तरी डूख धरून उभी आहे असं वाटावं. आत बसायचं म्हणजे जवळजवळ पडायचंच. सीट दोन्ही बाजूंनी कमरेला आवळून धरत होती. भावाने ‘स्पोर्ट’ लिहिलेलं बटण दाबलं तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला आणि माझ्या पायाखालची फरशी हलल्यासारखी झाली. भाऊ खुशीत हसला. मीही हसले.

बाबा गाडीत बसलेच नाहीत. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. त्यांची अख्खी नोकरी वडाळ्याला बसच्या डेपोत, टायरच्या खात्यात गेली. हातोडीचा एक ठोका मारून ते टायरात हवा किती ते सांगायचे आणि नुसता पंजा फिरवून आत काय बिघडलंय ते ओळखायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाबाहेरच्या गाड्यांचे टायर बघून यायचे, मग आहेर. माझ्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, “तुमच्या स्कूटरचं मागचं चाक गेलंय.” तरी लग्न झालं, ही माझ्या सासऱ्यांची थोरवी.

गाडीला तीन प्रकारची चाकं मिळत होती. सोळा इंची, जाड टायरची, साधी. सतरा इंची, दुरंगी. आणि अठरा इंची, काळीकुळकुळीत, धारदार दांड्यांची, ज्यांच्यावर रबर इतकं कमी की टायर आहे की नुसती पट्टी, असा प्रश्न पडावा.

“सोळावाली घे,” बाबा उठता उठता म्हणाले. “खड्ड्याचा मार रबर खातं. ह्या काळ्यांत मार खायला हाय काय? रिंग नि रस्ता.”

“काका, पण लूक बघा ना,” विकणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली.

“लूक घेऊन लालबागच्या खड्ड्यात उतरायचंय काय गो?”

“बाबा, एवढ्या गाडीला ती बारकी चाकं म्हणजे पैलवानाला पोराच्या चपला,” भाऊ वैतागला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, तू सांग. तू म्हणशील ते.”

मी दोन्ही पाहिली. खोटं कशाला बोलू, काळी चाकं सुंदर होती. क्रूर होती, पण सुंदर होती. मी म्हणाले, “काळी.” बाबा काही बोलले नाहीत. परत येताना टॅक्सीतही बोलले नाहीत.

त्यांच्या गप्प बसण्याची आम्हाला तेव्हा सवय होत चालली होती. आदल्या वर्षापासून ते विसरायला लागले होते. गॅस दोनदा चालू राहिला. एकदा भाजी आणायला गेले आणि करी रोड स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या. पण घरात खरा बदल गोळ्यांनी झाला नाही. बाबा काही म्हणाले की आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघायला लागलो आणि ‘हो हो’ म्हणायला लागलो. हे ‘हो हो’ त्यांना कळत होतं.

गाडी आली ती रविवारी सकाळी. आमची चाळ लालबागची, आवार चिंचोळं, त्यात दोन्ही बाजूंना स्कूटरी आणि भिंतीच्या कडेने उघडं गटार. गटाराची कड जुन्या घडीव दगडाची. आई नाही, तेव्हा ओवाळणार मीच. अर्धी चाळ खाली उतरली होती. भावजय वर स्वयंपाकात होती, ती गॅलरीतूनच बघत होती. भावाने गाडी फाटकातून आत घेतली ती सरळ, म्हणजे तोंड पश्चिमेला.

“अशी नको,” मी म्हणाले. “पूजा पूर्वेला तोंड करून. वळव.”

“ताई, इथे कुठे वळवू?”

“वळव म्हणते ना. पहिलीच गाडी आहे घरातली.”

चाळीतल्या सगळ्या बायका माझ्या बाजूने. मग भाऊ पुढे, मागे, पुन्हा पुढे असं करत राहिला आणि चार पुरुष चार दिशांनी ‘येऊ दे, येऊ दे’ करत राहिले. सातव्या की आठव्या वेळी डावं मागचं चाक गटाराच्या दगडावर आपटलं. आवाज मोठा नव्हता. पाटा जमिनीवर ठेवताना होतो तेवढाच. सगळे ‘हळू, हळू’ म्हणाले आणि विसरले. पायरीवर बसलेले बाबा मात्र उठून उभे राहिले.

मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. चारही चाकांना हळदकुंकू लावायचं होतं. डाव्या मागच्या चाकाशी आले आणि टायरच्या बाजूला बोट टेकवलं, तर बोटाखाली टेंगूळ लागलं. अर्ध्या लिंबाएवढं. दाबलं तर थोडं दबलं. मी बोट काढलं, मग पुन्हा लावलं. नवीन टायर असाच असतो, असं मी मनाशी म्हटलं. दुसरी तीन चाकं मी नुकतीच हाताळली होती आणि त्यांना असं काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. कुंकू लावून मी उठले.

बाबा माझ्यामागे उभे होते. ते वाकले, पंजा फिरवला, आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाले, “फुगा आलाय. आतल्या दोऱ्या तुटल्यात. हा टायर फुटणार.”

हार घातलेल्या गाडीसमोर, चाकांखाली लिंबं ठेवलेली असताना, असं कुणी बोलतं का? शेजारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला.

“बाबा, आज तरी असलं तोंडातून काढू नका,” मी म्हणाले. मीच म्हणाले. चिडून म्हणाले.

“स्टेपनी लाव,” ते भावाला म्हणाले. “दहा मिनटांचं काम.”

“पूजा झालेल्या गाडीचं चाक काढू? लिंबावरून पुढे जायच्या आधी?” भावाचा आवाज चढला. “तुम्हाला पहिल्यापासून ही चाकं नको होती, म्हणून चाललंय हे सगळं.”

“माका शिकवू नको! तुझ्या जन्माआधीपासून टायर बघतोय.”

“हो हो, बाबा,” भाऊ म्हणाला, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मीही सवयीने त्याच्याकडे पाहिलं. माझ्या बोटाला कुंकू होतं, ते मी पदराला पुसलं. लिंबं चिरडली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवी गाडी आधी देवळात आणि मग गिरगावात फणसवाडीच्या आत्याकडे पेढे घेऊन न्यायची, हे ठरलेलं होतं. देऊळ शेजारीच होतं, तिथे काही झालं नाही. मग भावाला किनाऱ्याचा मोठा रस्ता खुणावायला लागला. गाडी मोकळी सोडून बघायची होती त्याला. देवळासमोर माझी आठ वर्षांची लेक धावत जाऊन मागच्या सीटवर बसली, डाव्या खिडकीशी. मी दार लावायला गेले आणि माझा हात थांबला.

“पलीकडे सरक,” मी तिला म्हणाले. “समुद्र उजवीकडून दिसतो.”

ती आनंदाने सरकली. पुढची सीट मानाने बाबांची, भावाने दार उघडून धरलं होतं. पण ते पुढे आलेच नाहीत. लेकीने मोकळ्या केलेल्या जागेवर जाऊन बसले. “चाकावर बसलं की चाक कळतं,” एवढंच म्हणाले. मग मी पुढे बसले, मांडीवर पेढ्यांचा खोका घेऊन. जागा छान होती.

करी रोडचा पूल, लोअर परळ, वरळी. किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर भावाने ते बटण दाबलं. आवाज खाली गेला, सीटने मला मागे ओढलं. समुद्र बाजूला होता, पण मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी काटा बघत होते. साठ. सत्तर. मागून एक बारीक ठोका ऐकू येत होता, एका लयीत. रस्त्याचे सांधे असतील, असं मी मनाशी म्हटलं. वेग वाढला तशी लयही वाढली. आरशात बाबा दिसत होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि एक पंजा सीटवर पालथा दाबून धरला होता.

समोर बोगदा आला. आत शिरताच सगळा आवाज अंगावर आला.

“हळू घे,” बाबा म्हणाले.

“बाबा, इथे हळू घेतली तर मागचे ठोकतील.”

“माका चक्कर येतंय. हळू घे.”

बाबांना आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती. घाटात, होडीत, कशातच नाही. भाऊ काहीतरी पुटपुटला, पण बापाला चक्कर येते म्हटल्यावर काय करणार? त्याने धोक्याचे दिवे लावले, डाव्या कडेला आला. पंचावन्न. चाळीस. मागचे हॉर्न मारत, शिव्या देत निघून जात होते. लेक म्हणाली, “आजोबा, तुमचा हात थरथरतोय.” ते म्हणाले, “चाक थरथरतंय गो.” बोगदा संपता संपेना. मी देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायची लाज वाटली. थांबव, एवढा एक शब्द मला म्हणता आला असता. तोही मी म्हटला नाही.

टायर फुटला तो गिरगावात, ठाकूरद्वाराहून आत वळताना, माणूस चालतो तेवढ्या वेगात. मोठा आवाज झाला, गाडी डावीकडे बसली, आणि काळी रिंग डांबरावर खरवडत दोन हात गेली. लेक किंचाळली. कुणाला ओरखडाही आला नाही.

भाऊ उतरला, मागे गेला, आणि तिथेच फुटपाथवर बसला. टायरची बाजू उभी फाटली होती. आत हात गेला असता एवढी. “बोगद्यात असतो तर,” तो म्हणाला. मग तो रडायला लागला. बाबांनी त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, “ऊठ, जॅक काढ.” स्टेपनी बसेपर्यंत ते त्याला एकेक नट कसा आवळायचा ते सांगत राहिले, कुठेही न विसरता.

मी लेकीला धरून दुकानाच्या पायरीवर उभी होते. बाबा हात पुसत माझ्याजवळ आले. आता बोलणार मला, असं वाटलं, आणि बोलावंच असंही वाटलं.

“पोरीला तू पलीकडे बसवलंस,” ते हळूच म्हणाले. “बघितलं मी. मला वाटलं होतं, घरात आता माझं कुणालाच खरं वाटत नाय. तुला वाटलं.”

त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. मी मान हलवली. मला खरं वाटलं होतं, पण लेकीला उठवण्यापुरतंच. ती जागा मोकळी झाली आणि तिथे माझा बाप बसला, तेव्हा मी पुढचं दार लावून घेतलं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते मात्र चाळीत येईल त्याला सांगतात, की त्या दिवशी पोराने ऐकलं नाही, पोरीने ऐकलं.