मारुतीच्या वळणावर

लेकीला गाडी मी शिकवली, हे मी येईल-जाईल त्याला सांगते. सकाळी पुंडलिकनगरातून बाहेर पडायचं, मोकळा रस्ता गाठायचा आणि माझं एकच पालुपद : दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिच्या बाबांचा मात्र देऊळ दिसलं की हात कपाळाकडे गेलाच. आणि फुलंब्रीच्या वाटेवर देवळं काही कमी नाहीत. मी कुरकुरले की म्हणायचे, "अगं, देव बघून घेतो."

लायसन्स मिळाल्यावर लेक पहिल्यांदाच आम्हाला गावी घेऊन निघाली. आमच्याकडेच राहणारे सासरे शेताकडे चक्कर टाकायला म्हणून तिच्या शेजारी बसले. खरं तर तिनं कॉलेजला एकटीनं गाडी न्यायची की नाही, ते आज ठरवणार होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मागच्या सीटवर माझा जीव टांगणीला लागला होता.

फुलंब्रीच्या अलीकडे वळणावर मारुतीचं देऊळ आहे. सासऱ्यांनी हात जोडले, माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी जोडले. लेकीचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत.

"देवाला हात नाय जोडला गं?" सासऱ्यांचा आवाज चढला. "लायसन आलं म्हणून देव इसरायचा व्हय?"

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी माझा हात दाबला. वळण संपल्यावर लेकीनं इंडिकेटर दिला, कडेला रुंद जागा बघून गाडी थांबवली आणि चावी काढली.

"चला आबा. नीट पाया पडून येऊ."

सासरे उतरले. दोघं चालत मागे गेले, आणि आले ते कपाळाला शेंदूर लावून. माझी पोर भांडली नाही आणि डगमगलीही नाही. इतका अभिमान वाटला मला, की डोळे भरून आले. पण सासरे दिवसभर त्या विषयावर काही बोलले नाहीत.

परतताना गाडी ह्यांच्या हातात होती. मारुती आला आणि सवयीनं हात उचललाच.

"हात खाली घे," शेजारून सासरे खेकसले. "पाया पडायचं आसंल तर पोरीसारखं गाडी थांबवून पड."

ह्यांनी मुकाट्यानं गाडी कडेला घेतली. पाया पडून आले, तर सासरे हात पुढे करून उभे.

"चावी दे. घरापर्यंत पोरगी नेईल. आन् उद्या कॉलेजलाबी."