टायमिंग चेनची खडखड

माझ्या जुन्या डिझेल गाडीला टायमिंग बेल्ट होता, नव्या गाडीला टायमिंग चेन आहे. काम दोघांचं एकच, इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग एका तालात फिरवायचा. बेल्ट रबरी, दातेरी, कोरडा. गाडी नुसती उभी राहिली तरी तो म्हातारा होतो आणि तुटण्याआधी बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते. म्हणून तो ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. चेन लोखंडी, इंजिनाच्या तेलात फिरणारी. तेल वेळेवर बदललं तर सहसा गाडीइतकीच टिकते, आणि सैल पडलीच तर सकाळी गाडी सुरू करताना खडखडून सांगते. हे मला कसं ठाऊक, असं लोक विचारतात. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला बॉनेटखालचं काही कळू नये, असा नियम आहे का कुठे?

मला हे शिकवलं तुळिंजला गॅरेज असलेल्या एका मेकॅनिकने. मिठागराच्या गावचा माणूस, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्याचा एक हट्ट होता. बेल्ट बदलायचा असेल तर मालकाने दिवसभर गॅरेजमध्ये बसायचं. आतल्या चाकांवर बारीक खुणा असतात. त्या जुळल्या की तो मालकाला हाक मारायचा, बॅटरीचा उजेड धरायचा, आणि मालकाने ‘जुळल्या’ म्हटल्याशिवाय झाकण बसवायचा नाही. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी इंजिन गेलं. “मी एकट्यानं बघून उपयोग नाय, टीचर,” तो म्हणायचा. “दोघांनी बघायचं.”

पहिल्या वेळी आम्ही दोघं गेलो होतो. खुणा माझ्या नवऱ्याने पाहिल्या आणि मी ‘किती उशीर’ म्हणून कुरकुरत राहिले. दुसऱ्या बेल्टच्या वेळी नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत ‘जेवलात का’ आणि ‘झोप लागते का’ यापलीकडे मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी हा माणूस काळ्या हातांनी बॅटरी धरून म्हणाला, “बघा टीचर, जुळल्या का?” मी वाकले आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ बघत राहिले. दुपारी त्याने डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढे ठेवली. बोलणं काही विशेष झालं नाही. पण त्या दिवशी मी सुखात होते, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

तिसरा बेल्ट मी दीड वर्ष आधीच बदलायला नेला. “अजून चांगला आहे,” तो म्हणाला. “मेकॅनिक तू असशील, गाडी माझी आहे,” मी सुनावलं. वर्गात हाच आवाज मला फार उपयोगी पडायचा.

मग खाऱ्या हवेने गाडीचा पत्रा खाल्ला. कॅनडातल्या लेकीने तिथून फोनवरच नवी गाडी पसंत केली. “मम्मी, हिला चेन आहे. आता आयुष्यभर बघायला नको,” ती म्हणाली. मी तिचं कौतुक केलं. तिने माझ्या भल्यासाठीच केलं होतं, तिला काय बोलणार? आता सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होतं. तिथे काचेआड थंडगार खोलीत बसवतात, कॉफी देतात आणि शेवटी किल्ली हातात ठेवतात. बघा म्हणून कोणी बोलावत नाही.

वाडीतल्या आमच्या शेजारच्या तिन्ही घरांना कुलपं आहेत. संध्याकाळच्या रोझरीत एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा. आता दोन्ही भाग मीच म्हणते. मला एकटं वाटतं. हे मी लेकीला कधी सांगितलेलं नाही, कारण ती तिकीट काढून येईल आणि पंधरा दिवसांनी परत जाईल.

गेल्या महिन्यात मी पूल ओलांडून तुळिंजला गेले आणि मेकॅनिकला सांगितलं, सकाळी चेन खडखडते. साफ खोटं. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणून ‘दोन-तीन सेकंदच खडखडते’ असंही वर जोडलं. त्याला ते पटलं. “मग गाडी आज इथंच ठेवा. इंजिन पुरतं थंड झाल्यावरच आवाज येतो. उद्या सकाळी दोघं ऐकू,” तो म्हणाला. मी रिक्षाने घरी आले. उद्या जायचं आहे, या आनंदात मी साडीला इस्त्रीसुद्धा केली.

सकाळी त्याने बॉनेट उघडलं, मला जवळ बोलावलं आणि गाडी सुरू केली. इंजिन गुपचूप चालू झालं. त्याने बंद केलं, थांबला, पुन्हा चालू केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकलं.

“तुम्हाला आला आवाज?”

“आला. थोडासा.”

पोटात दुखतंय सांगणारी पोरं मी चेहऱ्यावरून ओळखायचे. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता, देव जाणे. तो मात्र मनापासून हसला. मला खूश करायलाच तो म्हणाला, “टीचर, चेन एकदम फर्स्ट क्लास आहे. कायपन झालेलं नाय. तेल तेवढं वेळेवर बदला. आता दहा वर्षं तरी तुम्हाला माझ्याकडे यायला नको.”

दहा वर्षं. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. बेरीज कोणी न सांगता झाली.

“अरे, मग मी जाऊ कुठे?”

हे माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात तसाच राहिला. मी गंमत केली म्हणून हसायला गेले, पण हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला पर्समधला रुमाल सापडेना.

“आवाज येत नव्हता रे,” मी म्हटलं. “घरात बसवत नाही.”

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, “या की टीचर. कधीपन या.”

सगळेच असं म्हणतात. चर्चमधून बाहेर पडताना म्हणतात, लग्नात म्हणतात, मयतीत म्हणतात. कधीही या म्हणजे कुठल्याच दिवशी नाही. मीही लोकांना तसंच म्हणत आले आहे.

“कधीपण नको,” मी म्हटलं. “वार सांग.”

त्याने डोकं खाजवलं, रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहिलं.

“बुधवारी काम कमी असतं.”

“किती वाजता येऊ?” मी विचारलं.