बोक्याची साखर

बोक्याच्या लघवीला मुंग्या लागल्या, तेव्हाच मला कळलं. न्हाणीच्या कोपऱ्यात तो बसायचा आणि सकाळी पाहावं तर तिथे काळ्या मुंग्यांची ही रांग. असल्या मुंग्यांशी माझी जुनी ओळख होती. आमच्या ह्यांची साखर वाढली की मोरीत अशाच यायच्या. शिवाय बोका दिवसभर पाण्याच्या भांड्याला तोंड लावून असायचा, दोन माणसांचं खायचा आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. ह्यांचंही शेवटी अगदी तसंच झालं होतं.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेलुगू मुलखातल्या भैंसा गावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते मुनीम होते. मूलबाळ आम्हाला झालं नाही. बोका त्यांनीच आणलेला, सरकीच्या ढिगात सापडलेला, आणि त्याचा सगळा जीव त्यांच्यावर. माझ्यावर त्याचा फक्त हक्क होता, भाकरी-दुधापुरता. ते गेल्यावर तो कितीतरी दिवस त्यांच्या खाटेखालून हलला नाही. मी खाट झाडायला वाकले की माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्यांना कुठेतरी पाठवून आले. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गावात घरोघरी टीव्ही आले होते, संध्याकाळी प्रत्येक घरातून आवाज यायचा. आमच्या घरात मी आणि तो, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते समजत नव्हतं.

आमच्या घरात साखर नव्हती, गूळही नव्हता. ह्यांना दुखणं लागलं त्याच आठवड्यात मी दोन्ही डबे शेजारणीला देऊन टाकले होते. पथ्य एकाला आणि चव दुसऱ्याला, हे मला जमत नाही. आल्यागेल्यालाही मी फिकाच चहा द्यायची. हे म्हणायचे, "अवं, लोकाईच्या कपात तरी साखर घाल." मी म्हणायची, "ज्याले गोड प्याचं हाय त्यानं हाटेलात जावं." लोक हळूहळू हाटेलातच जायला लागले. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते खरं. ते गेल्यावर डबे पुन्हा भरता आले असते, पण कुणासाठी गोड करायचं होतं?

तर मुंग्या दिसल्या आणि मी ट्रंकेतून तपासणीचं सामान काढलं. काचेची नळी, निळं औषध, स्पिरिटचा दिवा. बोट टोचलं की आकडा दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. निळ्या औषधात लघवीचे थोडे थेंब घालून उकळायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की काळजी. माणूस वाटीत लघवी देतो, बोका कशाला देईल? मग ह्यांनी बासरच्या तीर्थाहून तुळशीत घालायला आणलेले नदीतले बारीक गोटे मी धुऊन एका जुन्या पसरट थाळ्यात टाकले. बोका त्यावर बसला की खाली तळाशी साठायचं. तुळशीचे गोटे असे वापरलेले माझ्या नणदेनं पाहिले असते तर ती दारातूनच परत गेली असती. नळी दिव्यावर धरली आणि बघता बघता रंग विटकरी झाला.

बोक्याला पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे बैलांची रांग होती, मांजर घेऊन आलेली मी एकटीच. डॉक्टर तेलुगू होता, शांत माणूस. माझी नळी आणि रंग त्यानं नीट ऐकून घेतला, एक जाड पुस्तक उघडून बराच वेळ वाचलं, मग म्हणाला, "अम्मा, इंसुलिन देना पड़ेगा. सुई कौन लगाएगा?"

"मैं लगाएगी," मी म्हटलं. ह्यांना रोज मीच तर टोचत होते.

त्यानं अगदी थोडी मात्रा सांगितली. दूध-भाकरी बंद, अंडी किंवा मासळी द्या म्हणाला. आणि निघताना बजावलं, "पहले खिलाना, बाद में सुई. नहीं खाया तो शुगर गिर जाएगी. तब मसूड़ों पर गुड़ का पानी लगाना. घर में गुड़ तो रहता ना?"

"रहता," मी म्हटलं. संसार केलेल्या बाईनं घरात गूळ नाही असं कसं सांगावं?

काचेची सिरिंज आणि सुई उकळायची, औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यातून काढायची, तळहातात फिरवून कोमट करायची. सगळं हाताला पाठ होतं. बोक्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली की तो एकदा कण्हायचा आणि गप्प बसायचा. ह्यांचंही तसंच, कण्हणं एकदाच. खरं सांगते, मला बरं वाटलं. वर्षभर माझे हात नुसते मांडीवर पडून होते. आता सकाळ-संध्याकाळ कुणीतरी माझी वाट पाहत होतं, मग ते चार पायांचं का असेना. नळीतला रंग लालाचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा झाला, त्या दिवशी मी रिकाम्या खाटेकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "पाहा, उतरली."

अंड्यांनी मात्र घात केला. आमच्या घरात कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं. मी कागदात गुंडाळून अंडी आणायची आणि परसात तीन दगड मांडून वेगळ्या भांड्यात उकडायची. भिंत बुटकी, गावाला डोळे चार. नळावर एकदा माझ्या पाठीमागे कुणी बोललं, "नवरा गेला अन् बाईनं अंडे धरले." मांजरासाठी आहेत, एवढे दोन शब्द बोलले असते तर संपलं असतं. पण माझ्या घरात काय शिजतं याचा जबाब मी नळावर द्यावा? मी घागर उचलली आणि चालू लागले. तेव्हापासून ज्या दोघीतिघी अधूनमधून डोकवायच्या, त्याही यायच्या बंद झाल्या. शेजारीणसुद्धा भिंतीवरून आधी बोलायची, ती आता नुसती मान हलवायची.

असा हिवाळा आला आणि संक्रांत आली. सणामुळे दुकान बंद, अंडी मिळाली नाहीत. बोका कधी खायचा राहत नाही, दूध तर पिईलच, असं धरून मी सवयीनं सुई आधी दिली. दूध पुढे ठेवलं तर त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दुपारी तो पाण्याकडे जायला उठला आणि त्याचे मागचे पाय फाकले. दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडला. जबडा थरथरायला लागला, डोळे उघडे पण बघत कुठेच नव्हते. मी एकेक डबा उघडत गेले. डाळ, तीळ, हळद, मीठ. गोडाचा कण नाही. माझ्या हट्टानं रिकामं केलेलं घर माझ्यापुढे तसंच रिकामं उभं राहिलं.

दुकानं बंद. शेजारच्या घरी हळदीकुंकू चाललेलं. आमच्याकडे त्या दिवशी विधवेला बोलावणं नसतं आणि त्याचं कुणी वाईटही मानून घेत नाही. आपण होऊन घरात बसायचं, कुणाच्या शकुनाच्या वाटेत यायचं नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून इतकी घाई असतानाही मी पुढच्या दारानं गेले नाही. बोळातून वळसा घालून तिच्या मागच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. आत उखाणे चालले होते, बायका खिदळत होत्या. मी हाका मारल्या, दार बडवलं. तिथे किती वेळ गेला देव जाणे. तिकडे तो जीव फरशीवर पाय झाडत असेल, आणि मी मागच्या दाराशी रीत पाळत उभी होते.

शेवटी धावत पुढे आले. दारात चपलांचा ढीग होता. उंबऱ्याशी उभी राहिले आणि सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारणीच्या हातात हळदीकुंकवाची थाळी होती. ती तिनं पदराआड घेतली. ते मला दिसलं, आणि लागलंही.

"गूळ दे व बाई," मी म्हटलं. "बोका मरून राह्यला."

"कोनता बोका?"

"आमच्या यांचा. त्याले साखर झाली हाय, मी सुई देत असतो. ते अंडे त्याच्यासाठीच आनतो मी."

इतके दिवस नळावर न दिलेला जबाब एका दमात देऊन मोकळी झाले. मागे कुणीतरी हसलं. शेजारणीनं थाळी खाली ठेवली, आत गेली आणि ढेपेचा मोठा तुकडा आणून माझ्या मुठीत कोंबला.

"मघापासून मागून हाका मारून राह्यलो," मी म्हटलं.

"मागून काऊन, काकू?" ती म्हणाली. "पुढचं दार उघडंच होतं ना."

घरी येऊन गूळ पाण्यात चुरला आणि बोटानं बोक्याच्या हिरड्यांवर चोळत राहिले. बराच वेळ काही नाही. मग जीभ हलली. एकदा, पुन्हा एकदा. मग तो माझं बोट चाटायला लागला आणि मला रडू फुटलं. ह्यांच्या दहाव्यालाही मी इतकी रडले नव्हते. डोळे पुसताना हाताचा गूळ ओठांना लागला. कितीतरी वर्षांनी तोंड गोड झालं, आणि ते पाहायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी बायका आपापल्या घरी गेल्या. कुणी विचारायला येईल असं वाटलं होतं, म्हणून दिवा लावून दारात बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, "जगला का?" मी म्हटलं, "जगला." ती बरं झालं म्हणाली आणि धुणं वाळत घालायला लागली.

बोक्यानं पुढचा उन्हाळा काढला आणि पावसाळ्यात म्हातारपणानं गेला. सुई, नळी, दिवा, सगळं पुन्हा ट्रंकेत गेलं. गुळाचा डबा तेवढा फळीवर राहिला. संक्रांतीनंतर दुकान उघडलं तसा मी तो भरला होता. मी अजून चहा फिकाच पिते, गोड आता घशाखाली उतरत नाही. पण गूळ काळा पडला की तो गाईला घालते आणि नवा आणते. आणि दुपारी पुढच्या दाराची कडी लावत नाही. कुणाला अडीनडीला गूळ लागला, तर त्यानं मागच्या दाराशी हाका मारत उभं राहू नये.