पोवळ्यावरचे बिऱ्हाडकरू

आमच्या आसगावात समुद्र म्हणजे शेजारचे डोमाकाका. बाकी आम्ही सगळे तळ्यात डुंबणारे. गोव्यात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ते एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होते. धान कापायला सुट्टीवर आले, की खळ्यावर बसून आम्हा पोरांना असा समुद्र सांगत की जेवणाची शुद्ध राहत नसे. त्या दिवसांची आठवण आली की अजून जीव हळहळतो. आता खळ्यावर बसलेला प्रत्येक जण मोबाईल बघतो.

काकांचा लाडका प्राणी एकच. ऊन पोचत नाही अशा खोल, थंडगार पाण्यातही पोवळी वाढतात, आणि त्यांच्या फांद्यांवर फुलासारखे दिसणारे, तांदळाच्या दाण्याएवढे जीव बिऱ्हाड करतात. तोंडाभोवती बारीक बोटं, कातडीत रुतवलेली वाळू, आणि सगळे बुडाशी एकमेकांना जोडलेले. जहाजावरून तशी पहिली फांदी आली तेव्हा मोठमोठ्या साहेबांनाही ते पोवळ्याचंच अंग वाटलं. काकांनी चिमटा खाली ठेवला.

"साहेब, हे या फांदीचं नोहोय. वरून येऊन बसलं आहे."

साहेबांनी भिंगातून पाहिलं, आणि तसंच निघालं. धानासारखंच दिसणारं तण कोवळेपणीच ओळखून उपटणारा हा माणूस, त्याच्या डोळ्यांना कोण फसवणार? तेव्हापासून ते जीव वेगळे काढायचं काम काकांकडेच आलं.

पंचफुलाकाकू मात्र गावातच राहिल्या. दोन एकर धान, म्हातारे सासू-सासरे. "थे शेत सोडून यायची नाही," असं काका सांगायचे, आणि गावानं ते खरं मानलं. मीही मानलं. काकूंना विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी काकांना एक जुना मायक्रोस्कोप आणि त्या जिवांची छोटी कुपी दिली. अर्धं गाव बघून गेलं. "मले नाही दिसत त्यातलं काही," म्हणून काकू टाळायच्या. काकांना मात्र एकच हवं होतं. ज्यात हयात घातली ते हिनं एकदा बघावं, वाया गेली नाही म्हणावं. म्हणून यंदा काकूंचा मोतीबिंदू निघाल्यावर त्यांनी पुन्हा गळ घातली. मी तेव्हा ओसरीवरच होतो.

काकू वाकल्या. बराच वेळ डोळा लावून राहिल्या.

"हे जिते होते?"

"होते नं."

"एकाच जाग्यावर राहेत?"

"जलमभर. एकमेकाले धरून." काकांचा चेहरा नुसता फुलला होता.

काकूंनी मान वर केली. "इतके वर्सं हे पाहून राहिले तुमी. एकडाव तरी नाही वाटलं, का पंचफुलालेबी गोव्याले न्यावं?"

 काका खाली बघत म्हणाले, "दरसाल वाटे. पण तू शेत सोडून नाही येणार, असं वाटलं."

"विचारलं असतं," काकू म्हणाल्या, "तं आली असती मी."